सरांनी नाकारलेली जागा

बाबा,

शनिवारी इथे जपानमधल्या उरायासुला एका मराठी बाईंची मुलाखत घेतली, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. मी इथल्या विद्यापीठात काय करते, हे कळायच्या आधीच तुम्ही गेलात. विज्ञान शिकलेल्या बायका पुढे संशोधनात का टिकत नाहीत, हा माझा विषय. नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आलेल्या बायकांच्या घरी जाते, रेकॉर्डर लावते आणि ऐकते. या बाई पन्नाशीच्या, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, आता स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, अर्धवेळ काम करणाऱ्या. मोठ्या भूकंपात अणुभट्ट्या फुटल्या आणि नळाच्या पाण्यातल्या किरणोत्साराचे आकडे बातम्यांत यायला लागले, तेव्हा इमारतीतल्या सगळ्या भारतीय आया यांच्या स्वयंपाकघरात जमायच्या. त्या आकड्यांचा अर्थ सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. "तेवढे दिवस मी पुन्हा केमिस्ट होते," त्या हसत म्हणाल्या.

मी ठरलेला प्रश्न विचारला, "पीएच.डी. का नाही केलीत?"

"सर नाही म्हणाले. 'तुम्ही हुशार आहात, पण वर्षभरात लग्न होईल आणि माझी एक जागा फुकट जाईल.' चिडून नव्हे हो, अगदी शांतपणे. माझ्यासाठी चहासुद्धा मागवला."

मग त्यांनी सरांचं नाव घेतलं. तुमचं.

मी मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत राहिले. त्यांनी सांगितलेल्या वर्षी मी आठ वर्षांची. रविवारी तुम्ही मला लॅबमध्ये नेता, तुमच्या ॲप्रनच्या बाह्या चारदा दुमडून मला घालता आणि स्टुलावर उभं करता. ब्युरेटमधून एकेक थेंब पडतोय, खालचं पाणी एकदम गुलाबी होतं, आणि तुम्ही शिपाईकाकांना हाक मारून सांगता, "बघा, आमची लेक शास्त्रज्ञ होणार!" त्याच आठवड्यात कधीतरी ही मुलगी तुमच्या टेबलासमोर बसून चहा पीत होती का? तिचं लग्न होणार होतं आणि माझं होणार नव्हतं? चार दिवस मी हेच विचारतेय, ट्रेनमध्ये, कचरा वेगळा करताना, जेवताना. माझी लेक विचारते, "आई, दाइजोबु?" मी ठीक आहे म्हणते. तुमच्यावर रागावते, आणि लगेच त्या दुमडलेल्या बाह्या आठवतात.

निघताना बाईंनी विचारलं होतं, "तुम्हीही पुण्याच्या, सरांना ओळखत असाल?" माझं आडनाव आता वेगळं. मी म्हटलं, "नाव ऐकलंय." हे खोटं घेऊन मला प्रबंध लिहिता येईना. आज सकाळी फोन केला आणि सांगून टाकलं की मी त्यांची मुलगी. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "बाबांच्या वतीनं मी माफी मागते."

"ती तुम्ही नका मागू," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "पण लिहा. ते जसं बोलले तसंच लिहा. गुळगुळीत करू नका."

तसंच लिहिलंय, बाबा. तुमचं नाव येणार नाही, तिथे फक्त 'मार्गदर्शक' असेल. हे पत्र मात्र कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. तुमच्या वतीनं माफी मागितली खरी, पण तुम्ही स्वतः ती मागितली असतीत की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही.