तुझ्या नावाचं ताट

आई, राख लागलेल्या हातानंच तू माझ्या कानाखाली वाजवली होतीस, तो दिवस आज फार आठवतोय. देवळामागं तुम्ही बायका गावकीची ताटं घासत होता. प्रत्येक ताटावर कुणा ना कुणा गेलेल्याचं नाव कोरलेलं, घरच्यांनी स्मरणार्थ दिलेलं. मी एक ताट चाकासारखं पळवलं. तू म्हणालीस, "माणूस हाय तो, खेळणं न्हाय." आणि शेजारची काकी सासऱ्याच्या नावाचं ताट घासत म्हणाली, "जन्मभर यांची ताटं घासली, आता यांनाच घासते." तू हसता हसता वाकलीस. कानाखालचा जाळ कधीच विझला, ते हसणं अजून आहे माझ्याकडं.

तू गेल्यावर बाबांनी तुझ्या नावाचीही ताटं दिली. मग केटरर आले, थर्माकोल आला, आणि तुम्ही सगळे देवळाच्या माळ्यावर गेलात. मी कॉलेज अर्धवट सोडून काल्हेरच्या गोडाऊनला लागलो. डोकं अजून तसंच तापट. मागच्या गणपतीत महाप्रसादानंतर रस्ताभर उष्ट्या प्लेटा, गटार तुंबलं, घाण पाणी तिच्या घरात शिरलं. ती म्हणजे आपल्या गल्लीतली, कॉलेजात माझ्याबरोबर होती ती, जाऊ दे, तुला कळलं. यंदा मंडळात मी टेबलावर हात आपटला, गावकीची ताटंच काढायची. अध्यक्षकाका म्हणाले, "लोकांनी नाक मुरडलं तर परत थर्माकोल. आणि तू मंडळात दिसायचं न्हाय."

झालंही तसंच. रस्त्यावर पंगतीची वेळ, आणि गोडाऊनचे हमाल, पॉवरलूमवाले, पाहुणे, सगळे ताटांच्या ढिगापाशी थबकलेले. "भाई, इसपे तो मरनेवाले का नाम है." "मेलेल्याच्या ताटात परसाद? न्हाय बा." काका केटररला फोन लावतायत, मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढं आली. मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी धड बोलली नव्हती. तिनं वरचं ताट उचललं, नाव मोठ्यानं वाचलं, तुझं, आणि रस्त्यावरच मांडी घालून बसली. "वाढ की. बघतोस काय?" मी वाढलं, निम्मी डाळ सांडली. मागून तिची आजी आली, "माझा म्हातारा कुठल्या ताटात हाय? शोधा त्याला." सगळे हसले. मग ज्याला त्याला आपलंच माणूस हवं झालं, आणि बाहेरचे मिळेल त्या ताटात जेवले.

नंतर नळापाशी ती घासत होती, मी पाणी ओतत होतो. तुझं ताट हातात घेऊन म्हणाली, "काकू, पोराला जरा डोकं थंड ठेवायला सांगा. आणि कॉलेज पुरं करायला." ताटांशी बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी गटार मोकळं वाहत होतं, रस्ता रोजच्यासारखा. ताट म्हणजे माणूस, हे मला शिकवणाऱ्या तुझे आणि त्या काकीचे उपकार कुठं फेडू, कळत नाही.

पत्र टाकायचं कुठं, म्हणून ठेवून देतो. एकच सांगायचं राहिलं. ताटं माळ्यावर चढवताना एकही हरवता कामा नये म्हणून मी सगळ्यांवर ओरडत होतो. ती जेवली ते ताट मात्र घरी आणलंय. रोज त्यातच जेवतो.