पान सहा

मंगळवार, ८ जुलै. क्लेमेंटी, सिंगापूर.

काल लिहिलं की जुन्या गाडीचं कर्ज फिटलं. ते चूक आहे. गाडी विकून जे पैसे आले त्याहून कर्ज जास्त होतं, आणि ती तूट आता नव्या लीजच्या गाडीच्या भाड्यात घातली आहे. माझा नवरा निखिल रोज लांब तुआसला कामावर जातो, सुट्टीत मलेशियाला, म्हणून जास्त किलोमीटरचा करार. म्हणजे भाडं आधीच चढं. चार वर्षं भरायचं, आणि शेवटी गाडी आपली नाहीच.

हे सगळं कराराच्या पान सहावर आहे. मी ते आज वाचलं. सही शनिवारी केली.

सेल्समन म्हणाला, "ऑल स्टँडर्ड लाह, मॅडम." निखिल हसून म्हणाला, "ही हॉकरच्या टपरीवरचा मेनूसुद्धा पाठपोट वाचते." मला लाज वाटली आणि मी सही केली. का? आज गाडीच्या कंपनीला फोन करून विचारलं. करार मोडायचा तर उरलेलं बरंचसं भाडं एकदम भरावं लागेल.

आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. अप्पा अजून अंगठा लावतात, तोही मी कागद वाचून दाखवल्यावरच. परवा रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, "वाचून सही केलीस ना, बाई?"

"हो, अप्पा."

निखिल म्हणतो, "त्यांना काय कळणार आहे?" नाहीच कळणार. म्हणून तर तो "हो" जात नाही डोक्यातून.

कराराचं आता काही होत नाही. पण रविवारी, १३ तारखेला, अप्पांचा फोन आला की आधी हेच सांगायचं, पान सहा मी वाचलं नव्हतं.