कोकिलाबेनच्या पदराची गाठ

शुक्रवार, १२ सप्टेंबर १९९७

आज डॉक्टरांशी खोटं बोलले.

शेजारच्या खाटेवरचे जयंतीभाई हृदयाची गोळी सुरू झाल्यापासून डायलिसिस झालं की आपल्या पायांनी रिक्षापर्यंत जातात. आमच्या ह्यांना दोघांनी धरावं लागतं. किडन्या दोघांच्याही गेलेल्या, मग गोळी त्यांनाच का? त्यांची बायको कोकिलाबेन ती गोळी पदराच्या गाठीत बांधून आणते, जसं काही सोनंच. मला ती गाठ बघवत नव्हती. मंगळवारी तिनं टाकलेलं रिकामं पाकीट उचललं, आमच्या वस्तीतल्या, पांडेसऱ्याच्या मेडिकलमध्ये दाखवलं आणि तीच गोळी आणली. आज सकाळी चहाबरोबर ह्यांना दिली.

मशीनवर तासाभरात ह्यांचं प्रेशर एकदम उतरलं. डोळे फिरले. डॉक्टर धावत आले. "सवेरे कोई गोली दी थी?"

मी म्हटलं, नाही.

तेव्हा ह्यांचे पाय उचलून धरले होते ते कोकिलाबेननं. मंगळवारी मी पाकीट उचललं ते तिनं पाहिलं असणार. तरी गप्प राहिली. हे सावरल्यावर कानाशी येऊन म्हणाली, "बेन, ए गोळी मशीन पछी ज अपाय."

गोळी मशीननंतरच द्यायची! म्हणून ती गाठ! मशीन होईपर्यंत गोळी सांभाळायला. इतके महिने त्या गाठीवर जळत होते, एकदा विचारलं असतं तर?

हे वाचले. तिनं कुणाला सांगितलं नाही. तिचा नवरा चालतो, तेही सोसलं असतं मी. पण मेलीनं एवढं चांगलं तरी कशाला असावं?