माझ्या दहाव्याला डांगराची मॅकरोनी

मी, सुलाबाई भिकन आहेर, वय एकाहत्तर, व्यवसाय घरकाम, राहणार अशोकनगर, सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कुणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारा अजून जन्मायचा आहे. हृदयाची झडप थकली असली तरी डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कुणाला शंका असेल तर त्याने पंचवटीच्या भाजीबाजारात माझ्याबरोबर भाव करायला यावं.

१. राहतं घर माझ्या यजमानांनी ओझरच्या कारखान्यात राबून बांधलं. त्यांच्या पश्चात ते माझ्या नावावर आहे. ते मी मुलगा रोहित आणि सून हर्षाली यांना निम्मं-निम्मं देते. भांडणात रोहितने 'घर माझ्या बापाचं' म्हणू नये, एवढ्यासाठी.

२. पोस्टातली ठेव नात वेदिकेच्या शिक्षणाला. माझी सोन्याची पोत हर्षालीला.

३. मिक्सर आणि निळ्या झाकणाचं पातेलं वेदिकेच्या मालकीचं. वेदिका सात वर्षांची आहे आणि तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दूध, दही, तूप, चीज, काहीही चमचाभर पोटात गेलं तरी तिचा श्वास अडकतो. या दोन वस्तूंना आजवर दुधाचा थेंब लागलेला नाही. पुढेही लागू नये.

४. वेदिकेच्या वर्गातला सनी डब्यात खोक्यातली चीज मॅकरोनी आणायचा. एक दिवस पोरगी म्हणाली, "आज्जी, मला पण पिवळी पाहिजे." खोक्यावरची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचली. सगळी दुधाचीच भुकटी. मग मी हट्टाला पेटले. डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी, थोडे काजू आणि लसूण मऊ शिजवायचं, हळद, मीठ, लिंबू घालून मिक्सरमधून काढायचं आणि उकडलेल्या मॅकरोनीवर ओतायचं. पहिल्यांदा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "हे तर डांगरच हे." मी लसूण वाढवली, चिमूटभर मोहरीची पूड टाकली, आणि वाटी चाटूनपुसून परत आली. डांगर नसेल तर बटाटा-गाजर घ्यावं. तेही नसेल तर पातळ पिठलं करून त्यात मॅकरोनी सोडावी. खोक्यापेक्षा फार वेळ लागत नाही, सबब रोहितची 'वेळ नव्हता' ही तक्रार चालणार नाही.

५. नणंद मोहिनी हिला काहीही ठेवलेलं नाही. कारण लिहिते. ओझरला तिच्या घरी सत्यनारायण होता. मी हात धुवायला गेले तेवढ्यात तिने वेदिकेच्या हातावर पंचामृताचं तीर्थ घातलं. मी धावले तर म्हणते, "देवाचं तीर्थ हे वहिनी, त्यानं काय व्हतंय?" पोरीचे ओठ सुजले, छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. दवाखान्यात इंजेक्शन मिळेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. मोहिनी वाईट नाही. वेदिकेवर तिचा जीव आहे आणि ती प्रेमानेच भरवते, म्हणूनच मला तिची भीती वाटते.

६. त्या दिवशी हर्षाली शेजारीच बसली होती. गुणी आहे, पण मोठ्यांसमोर तिच्या तोंडून 'नको' निघत नाही. आजवर ते मी म्हणत आले. यापुढे तो अधिकार मी हर्षालीला देते. वेदिकेच्या ताटापुरता तिचा शब्द शेवटचा. तिथे आत्या, मामा, भटजी, कुणी तिच्याहून मोठं नाही.

७. माझा दहावा रामकुंडावर करावा. पिंडाशेजारी पानावर डांगराची मॅकरोनी ठेवावी. तेराव्याला खीर, श्रीखंड करू नये. वेदिका खाईल तेच सगळ्या पंगतीने खावं. कावळा शिवला नाही तर लोक 'रोहितला सांभाळू', 'घर नीट ठेवू' असं काहीबाही कबूल करत बसतील. रोहित घोडा झालाय, त्याला काय सांभाळायचं? माझा जीव एकाच गोष्टीत अडकला आहे. वेदिकेच्या तोंडात दूध जाऊ देणार नाही, असं कुणीतरी मोठ्याने म्हणावं. तोवर मी कावळ्याला शिवू देणार नाही, मग ऊन डोक्यावर येवो.

८. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळत नाही असा साक्षीदार हवा. घरात असं माणूस एकच आहे. म्हणून मोहिनीला बोलावलं आहे. तिने आधी सगळं वाचावं, मग सही करावी.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १८ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: सुलाबाई भिकन आहेर (सही)

साक्षीदार:

१. चैताली पगार, शेजारीण, अशोकनगर (सही)

२. वहिनी, सगळं वाचलं. त्या दिवसापासून माझ्या घरी पोराबाळांच्या हातावर तीर्थ घालायच्या आधी मी त्यांच्या आईला विचारते. दहाव्याला कावळ्यापुढं मीच बोलन, मोठ्यानं बोलन. पण एवढ्यात जाऊ नका. ते डांगराचं मी घरी करून बघते, मला अजून जमत नाय.
मोहिनी गोरक्ष निकम, ओझर (सही)