घर जिचं, परवाना तिचा

६ मार्च

बोललो. बावीस मिनिटं, कागद न बघता.

वारशाच्या विधेयकाला माझी दुरुस्ती होती. आमच्यात रीतीने घर धाकट्या मुलीकडे जातं, ते तसंच जावं. पण धाकटी आईजवळ राहत नसेल, तर जी मुलगी आईचं करते तिच्याकडे जावं. शेवटी म्हणालो, “जिच्या हाताला आईच्या पाठीच्या तेलाचा वास येतो, घर तिचं.” बाकं वाजली. विरोधकांचीसुद्धा.

बाहेर व्हरांड्यात बाह ट्रॅनली भेटले; सगळ्यांचेच ते बाह, म्हणजे दादा. परिषदेत ते माझ्या वीस वर्षं आधी आलेले. पान-सुपारी पुढे करून म्हणाले, “झकास बोललास. हे वाक्य तुला कायद्याच्या पुस्तकात सापडलं, की घरात?”

मी हसलो आणि सुपारी तोंडात टाकली. तोंड भरलेलं असलं की बरं असतं.

घरात सापडलं. मेई, आमची आई, दोन वर्षं अंथरुणावर आहे. थोरली बहीण, काँग रिदा, तिचं सगळं करते. तिने लग्नही केलं नाही. तळमजल्यावर तिचं जादोहचं, म्हणजे मांस-भाताचं, दुकान आहे, त्यावर घर चालतं. पण घर इबानचं, ती धाकटी बहीण म्हणून. मेई पडली त्याच वर्षी रीतीप्रमाणे तिच्या नावावर झालं. इबान बंगळुरात नर्स आहे.

मग मी आज कायदा मांडला, की रिदाची बाजू? बोलण्याआधी उभं राहून सांगायला हवं होतं — माझ्याही घरी असंच आहे. कोणी विचारलं नाही. पण विचारायला लागतं का?

७ मार्च

पेपरात ते वाक्य चौकटीत छापलंय.

दुपारी दुकानात गेलो तर रिदा चारचौघांसमोर म्हणाली, “मोहरीचं तेल असतं ते. एवढं बोललास, तर तेवढंही सांगायचं.” बाकावरची माणसं हसली. टॅक्सीवाल्यांपैकी एक म्हणाला, “काँग, आता घर तुझं. भात वाढवून दे.”

मग ताट ठेवताना हळू आवाजात — “मी तुझ्याकडे घर मागितलं होतं?”

“नाही.”

“मग जेव. गार होतंय.”

८ मार्च

मागितलं नव्हतं, हे खरंच. पण न मागणाऱ्याला काही द्यायचंच नाही, असंही कुठे आहे? दिवसभर हेच डोक्यात. बायको म्हणाली, “फेऱ्या मारायच्या तर अंगणात मार. माझी फरशी झिजेल.” तिची फरशी, हेही खरं. आमच्यात नवरा बायकोच्या घरी राहायला येतो; इथे तिच्या घरी मला खाट आहे. आईच्या घरी माझा शब्द चालतो. दोन्ही एका ठिकाणी कधी मिळालं नाही.

९ मार्च

इबानचा फोन.

“बाह, मला एक फोन करायचास. सभागृहाला आधी कळलं, मला पेपरातून.”

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता. कुणाचं नाव घेतलेलं नाही.

“रोज बारा म्हाताऱ्यांच्या पाठी पुसते मी. त्यात आपली मेई नाही, हे मला तुझ्या भाषणातून कळायला नको होतं.”

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. तिच्या वॉर्डात कुठेतरी घंटी वाजत होती.

१० मार्च

इबानला पत्र लिहिलं. फाडलं.

१३ मार्च

आज धंद्यांच्या नियमावलीवर चर्चा. इथे मात्र मन स्वच्छ होतं, कारण घरचं काही नव्हतं. माझंच कलम, सातवं: वडिलोपार्जित घरात दुकान असेल, तर परवाना फक्त घर जिच्याकडे आहे तिच्याच नावे, आणि दुकानात तिनेच बसायचं. बाहेरचे लोक आमच्या बायकांची नावं वापरून धंदे करतात, ते थांबायला हवं. मी म्हणालो, “नाव म्हणजे छत्री नव्हे, पाऊस आला की कोणालाही धरायला द्यायला.”

एकमताने मंजूर. बाह ट्रॅनलींनीही हात वर केला.

बऱ्याच दिवसांनी समाधानाने जेवलो.

१८ मार्च

वारशावरची दुरुस्ती पडली. बाजूने चार मतं. बाह ट्रॅनली विरोधात.

“वाक्य मला आवडलं होतं,” ते म्हणाले. “म्हणूनच भीती वाटली. ऐकून डोळे भरून आले की मी हात खाली ठेवतो.”

वाईट वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं कोणाला सांगता येणार नाही.

मेईला जाऊन सांगितलं, तुझं घर आहे तसंच राहिलं. ती म्हणाली, “ते मी गेल्यावर बघा. आत्ता कुशीवर वळव.” वळवलं. नीट जमलं नाही. रिदा खालून हात पुसत आली आणि तिने एका हाताने केलं.

२४ मार्च

परवाना विभागातल्या बाई खोलीत आल्या. आधी उभ्याच राहिल्या, बसा म्हटल्यावर बसल्या.

“सर, एक तारखेपासून नवे नियम. जुने परवाने तपासतोय. हे एक तुम्हीच बघितलेलं बरं.”

रिदाचा परवाना. रिदाच्या नावे. घर इबानच्या नावे.

बाई म्हणाल्या, “कलम सात.” जसं काही ते मला माहीत नसावं.

मी म्हणालो, नियमाप्रमाणे करा. आवाज अगदी सरळ आला.

मला हे तेरा तारखेला दिसलं नाही. हीच गोष्ट पुन्हापुन्हा लिहावीशी वाटते. सहा तारखेला रिदाला घर मिळावं म्हणून बोललो, तेरा तारखेला तिचं दुकान काढून घेतलं, आणि दोन्ही वेळा टाळ्या माझ्याच. दोन भाषणं वेगवेगळ्या फायलींत ठेवली होती. डोक्यातसुद्धा.

२५ मार्च

रिदाला सांगितलं. ती डुकराच्या मांसाचे तुकडे करत होती. सुरी थांबली नाही.

“म्हणजे एकोणीस वर्षं मी शिजवलं ते कोणाचं?”

“नियम बाहेरच्यांसाठी होता, काँग.”

“मग बाहेरचीच झाले मी.”

तुकडे पातेल्यात लोटून म्हणाली, “बोलवून घे तिला. सही करू दे. काय करणार आता.”

२९ मार्च

इबान आली. गुवाहाटीहून टॅक्सीने, एक पिशवी घेऊन. सात दिवसांची रजा.

मला वाटलं होतं, दोघी भांडतील. दोघींनी मिळून मेईला न्हाऊ घातलं. मी दारात उभा. इबान मला म्हणाली, “बाह, वास घे माझ्या हाताचा. आता चालेल का?” आणि हसली. रिदाही हसली. मेईला काही ऐकू आलं नव्हतं, तरी तीही हसली.

मी पाणी आणायचं निमित्त करून खाली उतरलो.

३१ मार्च

इबानने अर्जावर सही केली. परवाना तिच्या नावे. पाच तारखेला ती परत जाणार, दुकान रिदाच चालवणार.

थोडक्यात, नाव एकीचं, धंदा दुसरीचा. सभागृहात मी जे थांबवायला निघालो होतो, तेच.

इबान म्हणाली, “कोण तक्रार करणार आहे?” रिदाने अर्ज उचलून पुन्हा वाचला.

२ एप्रिल

कलम सात बदलायची सूचना लिहून काढली: घरातलीच बहीण दुकान चालवत असेल तर चालेल. दोन ओळी. पाठवली की पुढच्या बैठकीत येईल.

पाठवली नाही. लोक म्हणतील, स्वतःच्या घरावर आलं तेव्हा कलम बदललं. ते खरंच असेल. ६ मार्चला हितसंबंध न सांगता बोललो. आता हितसंबंध आहे म्हणून गप्प बसतोय. दोन्ही वेळा कारण सभ्यच सापडतं मला.

४ एप्रिल

पाटी बदलली. इबानचं नाव, निळ्या रंगात.

५ एप्रिल

इबान गेली. जाताना मेईजवळ बराच वेळ बसली. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून रिदाला म्हणाली, “काँग, पाटीकडे बघू नकोस.”

“मी आत असते. पाटी बाहेर आहे,” रिदा म्हणाली.

९ एप्रिल

दुपारी दुकानात जेवलो. नेहमीचाच भात, वर काळ्या तिळातलं मांस, सुक्या मासळीची चटणी. नव्या पाटीखालून वाकून आत गेलो, पाटी थोडी खाली लावलीय.

रिदाने ताट ठेवलं. “कसं आहे?”

“छान.”

“छत्री चांगली आहे तुझी. गळत नाही.”

बाकावर टॅक्सीवाले होते, कोणाला कळलं नाही. ती माझ्यासमोर बसली, हे ती गिऱ्हाइकांच्या वेळेत कधी करत नाही.

“त्या दोन ओळी पाठवल्यास?” तिला बायकोकडून कळलं असावं.

“काँग, माझी अडचण अशी आहे की—”

“तुझी,” ती म्हणाली. “बरं.” आणि उठून आत गेली.

ताट पुसून खाल्लं. दुसऱ्यांदा भातही घेतला. हे इथे लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

सूचना अजून खणात आहे. पाठवायची शेवटची तारीख पंधरा. बाह ट्रॅनलींना विचारू का? पण ते सांगतील, आणि मग करावं लागेल.

१४ एप्रिल

कलम सातखालची पहिली तक्रार आज दाखल झाली. परवाना विभागातल्या बाई स्वतः घेऊन आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

आमच्याच दुकानाविरुद्ध. परवाना धाकट्या बहिणीचा, शिजवते मी, असं सरळ लिहिलंय. खाली सही आणि पूर्ण पत्ता. अक्षर रिदाचं.

शेवटी एक ओळ: चौकशीला येणाऱ्याने घरून जेवून यावे, आमच्याकडे चूल बंद असेल.