दुसरं काडतूस

२२ नोव्हेंबर १९७९

आज तेरवी झाली. पाहुणे गेले. भांडी घासून झाली. आता कुठं बसायला मिळालं. यांची डायरी हाती घेतली — पुढची पानं सगळी कोरी!

लिहून टाकते. डोक्यात ठेवलं तर वेड लागेल.

काडतूस मी भरलं होतं. पहिलं वाजलं, धानात शिरलेल्या डुकराला लागलं. जखमी जनावर सोडायचं नाही म्हणून हे त्याच्या मागं बोडीच्या तळ्याकाठच्या झुडपात गेले. तिथं दुसरं वाजलंच नाही, आणि डुकरानं यांची मांडी फाडली. लाखनीच्या दवाखान्यात नेता नेता ट्रकमध्येच संपलं सारं. शेजारचा गोपीचंद झुडपात यांच्या सोबत होता, त्यानंच सांगितलं — "वैनी, यादोभाऊनं घोडा दाबला, पण टिक् झालं फक्त. बार झालाच नाही."

टिक्! झोपेतही तेच ऐकू येतं.

२५ नोव्हेंबर

आत्याबाई — यांची आई — ओसरीवर शेजारच्या शकुनबाईला सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा. "दसऱ्याच्या पूजेलेही आमच्या घरी बाई रायफलीले हात नाही लावत. अन् हे बाई बसली दारू भरत! होईन नाही तं काय?"

मी चुलीत लाकूड सारलं. लेक गेला त्यांचा.

३० नोव्हेंबर

कसं सुरू झालं ते आठवत बसली. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, रायफल पाच वर्षं खुंटीला टांगलेली. विलायती काडतुसं मिळणंच बंद. परवाना पीकरक्षणाचा, पण पिकाचं रक्षण करायचं कशानं — टाळ्या वाजवून? यंदा पोळ्याच्या आधी हे नागपूरहून आले ते नाचतच! दुकानात सुट्या गोळ्या यायला लागल्या होत्या. वरून तांब्याची साल, आत शिसं. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसा मामाजींनी डबाभर जपून ठेवलेल्या. "अवो, आता आपण घरीच भरू!"

यांची बोटं जाड. दारू तोलताना सांडायची. शेवटी सोनाराचा काटा मीच ओढून घेतला. "तुमचं काम नाही हे, जा, बैल हाका." हसले. मग तो माझाच उद्योग झाला — केसेच्या बुडात ठिणगीची टोपी बसव, दारू तोल, नरसाळ्यानं ओत, वर गोळी ठेव, हातयंत्र दाब. वीस भरली. चार यांनी बोडीच्या पाळीवर मडकी मांडून झाडून पाहिली. चारही मडकी फुटली! घरी आले आणि आत्याबाईंसमोरच म्हणाले, "तुह्यासारखा हात साऱ्या नागपुरात नाही."

लाजली होती मी. आता तो हात चुलीत घालावा वाटतो.

२ डिसेंबर

एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही.

त्या दुपारी आत्याबाईंचे गुडघे चोळून दिले होते, मोहाच्या टोळीच्या, बियांच्या तेलानं. मग भरायला बसली. हे नेहमी बजावायचे — "टोपीवर खिळा आपटला का ठिणगी पडते, तवा दारू पेटते. टोपीले तेलाचा हात लागला का टोपी मेली समज."

मी राखेनं हात धुतले होते का? धुतलेच असतील. रोज धुते. पण त्या दिवशी धुतले, असं आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही!

आत्याबाईंना कसं सांगू — तुमच्या गुडघ्यांचं तेल होतं म्हणून?

१६ डिसेंबर

गोपीचंदनं स्वतःचं काम टाकून आमचं धान चुरून, मळून दिलं. चार दिवस राबला. काल अंगणात चहा दिला, तर कपाकडेच पाहत बसला. मग म्हणाला, "वैनी, तुमचा काही दोष नाही."

मी तडकलीच. "मंग कोणाचा? डुकराचा?"

अर्धा चहा ठेवून उठून गेला. वाईट वाटलं मागून. एवढा भला माणूस, आणि मी उगाच त्याच्यावर तोंड सोडलं.

१४ जानेवारी १९८०

संक्रांत. वाणाला कोणी बोलावलं नाही. बोलावणार तरी कशा!

दार ओढून उरलेली अकरा काडतुसं काढली. चिमट्यानं गोळ्या ओढल्या, दारू पुन्हा काट्यावर घातली. अकराच्या अकरा बरोबर. चिमूटभर अंगणात पेटवली, भसकन गेली. डबीत उरलेल्या टोप्या दगडावर ठेवून ठोकल्या — फट्! फट्! फट्! आत्याबाई लंगडत धावल्या. "येडी झाली काय वो? घर जाळतं का?"

सगळं चांगलं होतं. पण त्यानं काय सिद्ध झालं? तेलाचं बोट एकाच टोपीला लागलं असेल. आणि ती इथं नव्हती, रायफलीत होती.

२० जानेवारी

आज सात वेळा हात धुतले.

८ मार्च

ठाण्यातून शिपाई आला होता. परवाना यांच्या नावाचा होता, पंचनाम्यात नेलेली रायफल आता ठाण्यातच जमा राहील, सहीला या म्हणाला. जप्तीतली काडतुसंही पाहून घ्या म्हणे.

म्हणजे ते दुसरंही असेल. घोडा दाबूनही न वाजलेल्या टोपीवर खळगा पडतो, हे यांनीच शिकवलं मला. खळगा दिसला की ठरलं — मीच मारलं यांना. मग पुढं कोणाला काही विचारायचं उरत नाही.

नको जाऊ? आत्याबाईंना पाठवू? त्यांना चार पावलं टाकवत नाहीत. जाईन. सोमवारी जाईन.

१० मार्च

जमादारानं चार काडतुसं टेबलावर मांडली. "चंद्रकांताबाई, हे तीन रायफलीच्या खालच्या पेटीतले. हा नळीतला."

उलटं करून पाहिलं. टोपी गुळगुळीत. खिडकीशी नेलं. ओरखडासुद्धा नाही! घोडा दाबलाच नव्हता यांनी.

तशीच गोपीचंदच्या दारात गेली. "टिक् कुठून ऐकलं तुम्ही?"

हातातलं काम खाली ठेवलं त्यानं. "मी भेलो, वैनी. पळालो, तं भाऊच्या अन् डुकराच्या मधातच आलो. भाऊ 'बाजूले हो' म्हणून वरडला. मी हललोच नाही. माह्यापायी बार केला नाही त्यानं."

चार महिने हा माणूस माझ्या अंगणात येऊन चहा पिऊन गेला!

ज्याला वाचवताना यांचा जीव गेला, त्याला म्हटलं — "माह्या घराकडं फिरकू नको." मग घरी येऊन दार लावून घेतलं. इतके दिवस माझ्या हातांसाठी रडत होती. आज यांच्यासाठी रडली.