दोघांनाच मिळणारी शिष्यवृत्ती

नाशिक

चि. शुभे, आशीर्वाद.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून पत्र लिहितोय. मी मजेत आहे, मेसचं जेवणही बरं आहे. आईचा गुडघा दुखायचा थांबला का?

काल शिष्यवृत्तीचं विचारायला कॉलेजच्या ऑफिसात गेलो. मॅडम म्हणाल्या, "या योजनेत एका घरातल्या दोघांनाच मिळते. तुझ्या थोरल्या भावाने घेतलीये. आता तू घेतलीस की संपलं."

म्हटलं, "धाकटी बहीण बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय."

"मग घरी ठरवा."

फॉर्म न भरताच बाहेर पडलो. बसवेना, म्हणून चालत पार द्वारका चौकापर्यंत गेलो. तिथे एका टायरच्या दुकानात संध्याकाळचं काम मागितलं. मालक म्हणाले, सोमवारपासून ये. अभ्यास जमेल. जमायला हवा.

शिष्यवृत्ती तुझ्यासाठी ठेवलीये. दीपकदादा ओरडेल, त्याला मी बघतो.

फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. तोवर मला फोन करू नकोस. तू "दादा, तूच घे" म्हणालीस, तर मी लगेच ऐकेन.

तुझाच,
ओमदादा